दुसऱ्याच्या चुकांची तालीम

जगाच्या कुठल्यातरी दोन टोकांना बसलेली दोन माणसं लिचेस या बुद्धिबळाच्या साइटवर झटपट डाव खेळत असतात. काळ्याचं घड्याळ संपत आलेलं. घाईघाईत तो मागच्या रांगेतला हत्ती एक प्यादं खायला पुढे काढतो. आता त्याच्या राजासमोर तीन न हललेली प्यादी आहेत आणि पाठीशी मोकळी रांग. पांढऱ्याला दोन चालींत मात आहे, पण ती त्याला दिसत नाही. डाव रेंगाळतो, कुणीतरी वेळ संपून हरतं, दोघं आपापल्या कामाला लागतात. मात्र निघण्याआधी एकाने संगणकाकडून डावाचं विश्लेषण मागितलेलं असतं. तेवढ्या एका मागणीमुळे तो डाव कोडी जिथून निघतात त्या ढिगात जाऊन पडतो.

बुद्धिबळात 'टॅक्टिक्स' म्हणतात ते हेच. दोन-चार चालींत समोरच्याचं मोहरं पदरात पाडणारा किंवा थेट मात देणारा डावपेच. घोड्याने एकाच उडीत राजा आणि हत्ती दोघांवर हल्ला करणं, वजिराचा बळी देऊन राजाला कोपऱ्यात गुदमरवणं, मोहऱ्याला राजासमोर खिळवून ठेवणं. हौशी खेळाडूंचे बहुतेक डाव इथेच जिंकले-हरले जातात. म्हणून नाशिक-नागपूर-पुण्यातल्या वर्गांत प्रशिक्षक आजही ओपनिंगच्या आधी 'रोज इतकी कोडी' असा गृहपाठ देतात. पूर्वी त्यासाठी पुस्तकांच्या झेरॉक्स वाटल्या जात, आता लिंक पाठवली जाते. ती लिंक उघडते तिथे काय काय घडलेलं असतं, याची गोष्ट मला बुद्धिबळाइतकीच रंजक वाटते.

फ्रान्समधल्या तिबो द्युप्लेसी या प्रोग्रामरने २०१० मध्ये लिचेस सुरू केलं. आज एक ना-नफा संस्था ते चालवते. जाहिराती नाहीत, पैसे भरल्याशिवाय न उघडणारा कप्पा नाही, आणि सगळा सोर्स कोड कुणालाही वाचता येईल असा उघडा. कोड्यांचा विभाग तिथे आधीपासून होता, पण डिसेंबर २०२० मध्ये तो मुळापासून नव्याने बांधला गेला. टाळेबंदीने जग घरात बसलेलं, ऑक्टोबरमध्ये 'द क्वीन्स गॅम्बिट' ही मालिका आलेली आणि बुद्धिबळाच्या प्रत्येक साइटवर नवख्यांचा लोंढा, असा तो काळ. दुकान गर्दीने फुललेलं असताना आतलं सगळं सामान बदलायचं ठरवावं, असा हा बेत होता.

नव्या विभागासाठी किती डाव चाळले गेले, याचा आकडा लिचेसनेच दिला आहे: ३० कोटी. त्यांतली जी पोझिशन लक्षवेधी वाटली ती स्टॉकफिश या इंजिनाकडून पुन्हा तपासली गेली, आणि एकेका पोझिशनमागे ४ कोटी शक्यता पाहिल्या गेल्या. एकट्या प्रोसेसरने हे सगळं केलं असतं तर त्याला ५० वर्षांहून जास्त काळ लागला असता. निघाली किती? आज या संग्रहात ४० लाखांहून अधिक कोडी आहेत. ऐकायला प्रचंड, पण मूळ ढिगाशी ताडून पाहिलं तर शंभर डावांमागे जेमतेम एक-दोन. बाकी सगळं फेकलं गेलं. अशी साइट उभारताना खरं डोकं चालतं ते या फेकण्यात, असं मला तो कोड वाचताना पुन:पुन्हा वाटलं.

काय फेकायचं? ज्या खेळाडूची चाल आहे तो आधीच भरभक्कम जिंकत असेल, तर ती पोझिशन बाद. सगळ्याच वाटा विजयाकडे जात असतील तर शोधायचं काय? खेळाडूकडे एकच कायदेशीर चाल असेल, तरी बाद. नुसतं फुकट पडलेलं मोहरं उचलायचं असेल आणि पुढे काहीच नसेल, तर त्यातही फारसा अर्थ नाही. या सगळ्यावर एक नियम आहे, आणि साइटचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे: सोडवणाऱ्याची प्रत्येक चाल 'एकमेव' असली पाहिजे. तिच्या जागी दुसरी कुठलीही चाल खेळली तर परिस्थिती बरीच बिघडायला हवी. अपवाद फक्त शेवटच्या मातेचा. एका चालीत मात देण्याचे दोन-तीन मार्ग असतील, तर त्यांतला कुठलाही चालतो. मात ती मात.

'बरीच बिघडायला हवी' म्हणजे किती? इथे सरळ प्यादी मोजून भागत नाही. इंजिन पोझिशनचा भाव प्याद्यांच्या हिशेबात सांगतं. अमुक चालीने पाच प्याद्यांचा फायदा, तमुकने नऊ. आकड्यांत मोठा फरक, पण खेळणाऱ्याच्या दृष्टीने दोन्हीकडे डाव जिंकलेलाच. म्हणून लिचेस हा भाव जिंकण्याच्या शक्यतेत बदलून घेतं. त्याच्या सूत्राप्रमाणे पाच प्याद्यांच्या आघाडीला साधारण ८६ टक्के आणि नऊच्या आघाडीला ९६ टक्के शक्यता मिळते. शून्यावरून चारवर गेलं तर मात्र ५० वरून थेट ८१ च्या आसपास. फरक दोन्हीकडे चारच प्याद्यांचा, पण पहिल्याला कोड्याच्या दृष्टीने किंमत नाही आणि दुसऱ्यात अख्खा डाव फिरतो. हे सूत्र जिथे नसतं, त्या साइटवर तुम्ही बिनतोड जिंकणारी चाल खेळता आणि यंत्र लाल फुली मारतं, कारण त्याला आणखी थोडी बरी चाल सापडलेली असते. असल्या फुल्यांचा संताप ज्याने अनुभवला आहे, त्याला हा वळणदार आलेख किती मोलाचा आहे ते कळेल. चेस टेम्पो या जुन्या साइटने यावर वेगळा तोडगा काढला होता. चाल चांगली पण सर्वोत्तम नसेल, तर ती चूक न धरता 'दुसरी शोधा' असं सांगायचं. तेही मला पटतं.

यंत्राच्या आधीही कोडी होतीच. नवव्या-दहाव्या शतकातल्या बगदादमध्ये अल-अदली आणि अस-सूली यांनी शतरंजच्या पोझिशन गोळा केल्या होत्या. आपल्याकडचा दाखला तर मुंबईतला आहे. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या मूळ संस्कृत रचनेवरून केलेलं 'एसेज ऑन चेस' हे पुस्तक १८१४ साली मुंबईत छापलं गेलं, आणि ते प्रामुख्याने पोझिशनचंच आहे. शिकणाऱ्याने पट मांडावा, डोकं खाजवावं, मग उत्तर पाहावं. पेशवाई संपायला अजून चार वर्षं होती. पुढे १९५५ मध्ये अमेरिकेत फ्रेड राइनफेल्डची '१००१' वाली दोन पुस्तकं आली, एक बळी आणि डावपेचांचं, दुसरं मातेचं. १९९४ मध्ये लास्लो पोल्गार यांचा ५३३४ कोड्यांचा ठोकळा आला. या पुस्तकांमागे माणसाची निवड होती, आणि माणसाची चूकही. एखाद्या कोड्याला दुसरंही उत्तर निघालं, तर ते पुढच्या आवृत्तीपर्यंत तसंच छापील राही. साइटवर अशी चूक दिसली की ते कोडं त्याच दिवशी काढून टाकता येतं. पण ती दिसणार कुणाला? त्याकडे येतोच.

आधी एका कोड्याची नोंद कशी असते ते पाहू. लिचेसने हा संग्रह कुणीही, कशासाठीही, न विचारता वापरावा अशा परवान्यावर मोकळा केला आहे. फाइल उतरवून घ्यायची आणि उघडायची. प्रत्येक ओळीत एक कोडं: क्रमांक, पोझिशन, चाली, रेटिंग, त्या रेटिंगची अनिश्चितता, लोकप्रियता, किती वेळा खेळलं गेलं, कुठले डावपेच, आणि मूळ डावाचा दुवा. पोझिशन लिहायची पद्धत जुनी आहे. एकोणिसाव्या शतकातल्या डेव्हिड फोर्साइथ या स्कॉटिश पत्रकाराने ती बेतली आणि स्टीव्हन एडवर्ड्स यांनी तिला संगणकाजोगं रूप दिलं. कुठल्या घरात कोण, चाल कुणाची, किल्लेकोट करायचा हक्क कुणाकडे उरला आहे, कुठलं प्यादं 'आँ पासाँ' मारता येईल, सगळं एका ओळीत.

गंमत अशी, की फाइलमधली पोझिशन सोडवणाऱ्याला दिसते त्याच्या एक चाल आधीची असते. यादीतली पहिली चाल प्रतिस्पर्ध्याची. साइट ती तुमच्या डोळ्यांदेखत खेळून दाखवते आणि मग कोडं सुरू होतं. त्यामुळे समोरच्याने आत्ता काय केलं हे कळतं, आणि प्रत्यक्ष डावात तोच तर पहिला प्रश्न असतो. शिवाय आँ पासाँची भानगड आपोआप मिटते. प्यादं आत्ताच दोन घरं आलं हे पाहिल्याशिवाय ते मारता येतं की नाही, हे कुणाला कसं कळणार?

असल्या बारीकसारीक गोष्टींत साइट बांधणाऱ्याचे दिवस जातात. प्यादं आठव्या रांगेत पोचलं की बऱ्याच ठिकाणी त्याचा आपोआप वजीर होतो. डाव खेळताना सोय, कोड्यात घोटाळा. उत्तर जर 'घोडा करून शह' असं असेल, तर नेमक्या बरोबर विचार करणाऱ्यालाच फुली मिळेल. मोबाइलवर बोट अर्धं घर घसरलं तर ती चाल धरायची का? उलट्या बाजूने पट पाहणाऱ्याला रांगांचे आकडे कुठे दाखवायचे? या कशाचाही बुद्धिबळाच्या ज्ञानाशी संबंध नाही, पण यांतलं एक जरी चुकलं तरी माणूस परत येत नाही.

मग येतं वर्गीकरण. चाळीस लाख कोड्यांना हाताने कोण नावं देणार? त्यासाठी पायथॉनमध्ये लिहिलेला एक प्रोग्रॅम आहे, आणि तो वाचणं हा माझ्या मते बुद्धिबळप्रेमीसाठी निखळ करमणुकीचा भाग आहे. आपण वर्षानुवर्षं जे शब्द सहज वापरतो त्यांची व्याख्या तिथे यंत्राला समजेल अशी करावी लागली आहे. 'बळी' म्हणजे काय? उत्तराच्या ओघात सोडवणाऱ्याचं पारडं सुरुवातीच्या तुलनेत किमान दोन प्याद्यांनी हलकं झालं पाहिजे. म्हणजे नुसतं एक प्यादं सोडलं तर तो बळी नव्हे. 'फोर्क' म्हणजे? एका मोहऱ्याने किमान दोन मोहऱ्यांवर हल्ला करायचा, आणि ती आपल्यापेक्षा मोलाची किंवा बेवारस असली पाहिजेत. पण हल्ला करणारं मोहरंच मरायच्या जागी जाऊन बसलं असेल, तर धरायचं नाही. माणसाला हे सांगावं लागत नाही. यंत्राला 'पण' सांगावा लागतो.

मातेच्या नमुन्यांना तर जुन्या गावगप्पांसारखी नावं आहेत. हत्ती आणि घोड्याने कोपऱ्यात दिलेली अरबी मात, जी शतरंजच्या काळापासून तशीच राहिली कारण या दोन मोहऱ्यांच्या चाली बदलल्याच नाहीत. दोन उंटांच्या कात्रीने साधलेली बोडेनची मात, लंडनमधल्या १८५३ च्या एका डावावरून. आणि सगळ्यांची लाडकी गुदमरलेली मात: घोडा दुहेरी शह देतो, राजा कोपऱ्यात जातो, वजीर थेट राजाशेजारी जी८ वर जाऊन मरतो, त्याला मारणारा हत्तीच राजाची शेवटची वाट अडवतो आणि घोडा एफ७ वरून मात देतो. १४९७ मध्ये लुसेनाने आपल्या पुस्तकात ही दाखवली होती. आता तिच्या नावावर टिचकी मारली की हजारो उदाहरणं समोर येतात, आणि ती खेळणाऱ्या बहुतेकांनी लुसेनाचं नावही ऐकलेलं नसतं.

कोडं किती अवघड आहे, हे कुणी ठरवत नाही. इथे अर्पाद इलो यांच्या पद्धतीच्या वंशातली, मार्क ग्लिकमन यांची ग्लिको-२ पद्धत कामाला येते. कोड्यालाही खेळाडूसारखंच रेटिंग असतं. तुम्ही ते सोडवलंत तर तुमचं वाढतं, कोड्याचं घटतं. चुकलात तर उलटं. जोडीला अनिश्चिततेचा आकडा: नवं कोडं जोरात वर-खाली होतं आणि हजारो लोकांशी झुंजल्यावर जागेवर स्थिरावतं. दिसायला सोप्या पण फसव्या कोड्याचं रेटिंग कसं चढत जातं, हे पाहण्यासारखं असतं. कुठल्याही संपादकाला ते आधी सांगता आलं नसतं.

पण यातही पळवाटा होत्याच. समजा तुम्ही 'एका चालीत मात' हा विषय निवडलात आणि त्यातलीच कोडी धडाधड सोडवलीत. उत्तर काय प्रकारचं आहे हे आधीच माहीत असेल, तर अर्धं काम झालेलं. म्हणून विषयाचं नावच फोडून सांगत असेल, तर तिथे बरोबर उत्तराला कमी गुण मिळतात, अशी तरतूद लिचेसच्या कोडमध्ये आहे. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. सराव करू द्यायचा, पण फुशारकी मिळवू द्यायची नाही.

आता देखभाल. लाखो लोक एकाच वेळी 'पुढचं कोडं' मागत असतात. प्रत्येक वेळी डेटाबेसमध्ये जाऊन 'या रेटिंगचं, या विषयाचं, याने न पाहिलेलं' असं शोधायला लागलं तर सर्व्हर धापा टाकील. म्हणून विषय, दर्जा आणि रेटिंगचा पट्टा यांप्रमाणे कोड्यांच्या तयार याद्या करून ठेवलेल्या असतात. तुम्ही एका यादीवर चढता आणि क्रमाने पुढे सरकता. याद्या ठरावीक वेळाने नव्याने बांधल्या जातात, कारण कोड्यांची रेटिंगं आणि लोकप्रियता बदलत राहते. आणि मघाशी सोडलेला प्रश्न, वाईट कोडं दिसणार कुणाला, त्याचं उत्तर इथे आहे: सोडवणाऱ्यांना. कोडं झालं की अंगठा वर किंवा खाली. मतांतून उणे १०० ते अधिक १०० असा आकडा निघतो, आणि सगळ्या मतांचं वजन सारखं नसतं. हरल्याच्या रागात खाली अंगठा दाखवणारे कमी नाहीत, हे बांधणाऱ्यांना चांगलं ठाऊक आहे. डावपेचाचं नाव चुकलं असेल तर त्यावरही मत देता येतं. म्हणजे यंत्राने चाळायचं आणि माणसांनी निवडायचं.

विश्लेषणाचा भारही असाच वाटलेला आहे. 'फिशनेट' नावाच्या व्यवस्थेत जगभरचे स्वयंसेवक आपल्या संगणकावर लिचेससाठी स्टॉकफिश चालवतात. पैसा देणग्यांतून येतो आणि खर्चाचा तक्ता कुणालाही पाहता येतो. आणि कधी आग लागते. ही अलंकारिक आग नव्हे. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथे ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर जळून खाक झालं. झळ लिचेसलाही बसली. डाव आणि खाती वाचली, पण कोडी सोडवल्याच्या ताज्या नोंदींचा तुकडा गेला. बॅकअप कुठल्या इमारतीत ठेवायचा, हा प्रश्न तोवर कंटाळवाणा वाटत असलेल्या अनेकांना त्या दिवसानंतर तो तसा वाटला नसणार.

वेगाच्या वेडाबद्दल थोडं. २०१८ मध्ये चेस डॉट कॉमने 'पझल रश' आणलं आणि कोडी सोडवणं हा अचानक प्रेक्षकांचा खेळ झाला. २०२१ च्या सुरुवातीला लिचेसने 'पझल स्टॉर्म' आणलं: तीन मिनिटं, सलग बरोबर चालींना जादा सेकंद, चुकीला दहा सेकंदांचा दंड. याने काही शिकता येतं का? थोडं येतं. चेस आणि सायमन या दोन संशोधकांच्या १९७३ च्या अभ्यासापासून हे मान्य आहे, की निष्णात खेळाडू पटावरची मोहरी सुटी सुटी न पाहता ओळखीच्या गटांत पाहतो. असे गट डोळ्यांत बसायला सोप्या कोड्यांचा मारा उपयोगी पडतो. अॅक्सेल स्मिथ आणि हान्स टिकानेन यांची 'वुडपेकर' पद्धत त्याहून शिस्तीची: तोच संच पुन:पुन्हा, दर खेपेला कमी वेळात. पण हात शिवशिवायला लागले की मोजणं मागे पडतं. तीन मिनिटांच्या वादळात जो मुलगा चाळीस कोडी फोडतो, तोच खऱ्या डावात पहिली दिसलेली चाल खेळून हत्ती गमावतो, हे कुठल्याही प्रशिक्षकाला विचारा.

माझी खरी तक्रार वेगाशी नाही. कोडं समोर आलं म्हणजे 'इथे काहीतरी आहे' हे कळतंच. खऱ्या डावात खांद्यावर कुणी हात ठेवत नाही. तिथे बहुतेक चालींवर काहीच नसतं, आणि 'काही आहे का?' हाच सगळ्यात जास्त वेळा पडणारा प्रश्न असतो. लिचेसने बचावाची आणि बरोबरी साधण्याची कोडी घेऊन या भिंतीला खिडकी पाडली आहे, पण भिंत आहेच. आणि ती बांधली त्याच 'एकमेव चाली'च्या नियमाने, ज्याच्यामुळे कोडं न्याय्य होतं. जिथे पाच शांत चाली सारख्याच बऱ्या आहेत, तिथे बरोबर-चूक कसं ठरवणार? रेटिंग कशावर चालवणार? मोहाच्या चालीला बळी पडणं एवढीच चूक धरायची आणि बाकी सगळं बरोबर मानायचं, असं करता येईल. पण तेव्हा झोपेत दाबलेलं बटणही बरोबर ठरेल.

कुणाला मराठीत अशी साइट बांधायची असेल, तर सामान आज अंगणात पडलेलं आहे. कोडी मोफत. पटासाठी लिचेसचाच 'चेसग्राउंड', नियमांसाठी 'पायथॉन-चेस', तपासणीला स्टॉकफिश. परवान्याच्या अटी पाळायच्या, म्हणजे प्रामुख्याने आपला कोडही उघडा ठेवायचा. लिचेसचा इंटरफेस स्वयंसेवकांनी मराठीत आणलेला आहेच, त्यामुळे बटणांची भाषांतरं करण्यात वेळ घालवू नये. जे कुठेच नाही ते वेगळं आहे. मुलगी चुकीची चाल खेळते, यंत्र त्या चालीचं उत्तर बाणाने दाखवतं, आणि तिला कळत नाही की उंट का घ्यायचा नव्हता. इंजिनाकडे ओळ असते, कारण नसतं. '१२०० च्या आतल्या खेळाडूला इथे हमखास हीच चाल सुचते, आणि ती यासाठी फसते, कारण तुझा घोडा राजाला बांधलेला आहे' हे वाक्य लिहायला वर्गात मुलांसमोर पट मांडून बसलेला माणूस लागतो. सुरुवातीला दोनशे कोडी घ्यावीत आणि प्रत्येकाच्या दोन सर्वांत मोहक चुकीच्या चालींखाली अशी दोन-तीन वाक्यं लिहावीत. कुठल्या चुका मोहक आहेत हे मात्र अंदाजाने ठरवू नये. आधी दोन-तीन वर्गांतल्या मुलांना ती कोडी कागदावर द्यावीत आणि त्यांची चुकलेली उत्तरं गोळा करावीत.